तुम्ही विचारलंत म्हणून: नावासाठी देणाऱ्यांचे पैसे का घेता?

अमळनेर-जळगावकडच्या पेशंटसाठी मी व्हॉट्सअ‍ॅपवर मदत मागतो, तेव्हा कुणी ना कुणी विचारतंच: "निम्मे लोक स्टेटसला टाकायला पैसे देतात. असल्यांचे कशाला घेता?"

घेतो, आणि पुढेही घेईन. उद्या ऑपरेशन आणि आज डिपॉझिट भरायचं, अशा वेळी देणाऱ्याचं मन तपासत बसायचं का? तो अधिकार मला दिला कुणी? कर वाचवायला देतात, असंही म्हणतात. ते तर इथे लागूच होत नाही. देणगीवरची आयकर सवलत (८०जी म्हणतात ती) नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या पैशांवर मिळते, कुणा पेशंटच्या बिलात घातलेल्या पाचशे रुपयांवर नाही. राहिलं नाव. अमळनेरात देणगीदार प्रताप शेठजींचं नाव हायस्कूलला आहे, कॉलेजला आहे. त्याच हायस्कुलात १९२४ ते १९३० साने गुरुजी शिकवत होते. शेठजींचं नाव पाटीवर आहे म्हणून तिथे शिकलेल्या एकाही पोराचं काही बिघडलेलं नाही.

मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. थंडीत धडगाव-अक्कलकुव्याकडे ब्लँकेट वाटायला गाड्या जातात. एका वाटपात मी उभा होतो. म्हातारीच्या हातात ब्लँकेट दिलं, ती वळली, तेवढ्यात "आजी, थांबा, फोटो राहिला" म्हणून तिला परत बोलावलं. ब्लँकेट पुन्हा पाच जणांनी धरलं. आजीनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला, तर "तोंड दिसू द्या" म्हणाले. नाव ज्याला हवं त्यानं स्वतःचा फोटो खुशाल लावावा. तिचा चेहरा कशाला?

फोटोनं पैसे जास्त येतात, हे मला माहीत आहे. संशोधक डेबोरा स्मॉल आणि सहकाऱ्यांच्या २००७ सालच्या अभ्यासात हेच दिसलं: लाखो उपाशी लोकांच्या आकड्यांपेक्षा फोटोतल्या एका मुलीसाठी लोक जास्त देतात. आपल्याकडेही तेच. सातपुड्यातल्या कुपोषणासाठी म्हणून मागा, हात आखडतात. नळ्या लावलेलं एक बाळ दाखवा, तासाभरात फोन सुरू. म्हणून मागणाऱ्याला मोह होतो. पण एका आईनं मला सांगितलं होतं, "दादा, पोऱ्याना फोटू नका टाकू. मोठा व्हई तवय तो बी देखी." खरंच, फॉरवर्ड झालेला फोटो परत कोण आणून देणार?

तेव्हा मेसेजमध्ये आजार, हॉस्पिटलचं एस्टिमेट आणि थेट हॉस्पिटलच्या खात्याचा नंबर, एवढंच. पैसे कमी जमतात. मग फोन करून मागावे लागतात, पण ते मला चालतं.

आणि त्याच्याही आधी एक काम असतं, ते फार थोडे जण करतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तो आजार बसतो का, हे बघायचं. धर्मादाय रुग्णालयांना, म्हणजे ट्रस्टच्या हॉस्पिटलांना, १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तो पेशंटचा हक्क आहे, त्यासाठी कुणापुढे तोंड वेंगाडायला नको. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवा अधीक्षकाला भेटायचं, खाट शिल्लक आहे का ते विचारायचं. तिथे काम झालं, तर मेसेज लिहायची वेळच येत नाही.