मशीन विकली की काम सुरू होतं – आमची वाटचाल

आमचं दुकान सोलापुरात. शिलाई मशीन विक्री, दुरुस्ती, सुटे पार्ट. बोर्डवर विक्री पहिली लिहिलीय पण घर चालतं ते दुरुस्तीवर, आणि दुरुस्ती तरी कसली, निम्म्याच्या वर मशिनी अशा येतात की त्यांच्यात बिघाड काहीच नसतो, सेटिंग गेलेलं असतं नाहीतर ते कुणी कधी लावून दिलेलंच नसतं. रेडिमेडच्या जमान्यात मशीन घेतं कोण, तुमचं चालतं कसं असं लोक सारखं विचारतात म्हणून म्हटलं एकदा लिहूनच काढू.

सुरुवात वडिलांची. ते गिरणीत फिटर होते. सोलापूरच्या गिरण्या एकेक करत बंद पडल्या, पगार थांबला आणि वडिलांकडे उरलं काय तर पाने, स्क्रू ड्रायव्हर आणि नुसत्या आवाजावरून मशीनचं दुखणं ओळखायची सवय. मग सायकल काढली. कॅरिअरला पत्र्याची पेटी, पेटीत सुया, बॉबिना, चामडी पट्टा, तेलाची कुपी, आणि गल्लोगल्ली आरोळी. शहराच्या पूर्व भागात, तेलुगू बोलणाऱ्यांच्या वस्तीत, जास्त फिरायचे कारण तिकडे एका घरात विड्या वळतायत तर शेजारच्या घरात टॉवेलच्या कडा मारतायत, म्हणजे मशीन दिवसभर चालूच. तेलुगू बोलायला ते तिकडेच शिकले, आणि उधारी मागायलाही.

आता सोलापूरचा टॉवेल सगळ्यांना माहितीय पण तो शिवणाऱ्या मशिनीचं काय होतं ते सांगतो, कारण आमचा निम्मा धंदा त्याच्यावर उभा राहिला. टेरीच्या कापडातून कापसाची लव सुटते, ती प्लेटच्या भोकातून खाली दात्यांच्या (कापड पुढे सरकवणाऱ्या) मधे जाऊन बसते, तिच्यात तेल मुरतं, वरून दाते दाबत राहतात, आणि काही महिन्यांत तिथं नमद्यासारखी घट्ट वडी तयार होते. मग दाते पुरते वर येत नाहीत. साध्या कापडाला दाते प्लेटच्या वर साधारण १ मिलिमीटर तरी यायला पाहिजेत, ते अर्धे पण येत नाहीत, कापड पुढे सरकत नाही, टाके एकाच जागी पडतात. बाईला वाटतं मशीन कापड ओढत नाही, म्हणून ती मागून हातानं ओढते. ओढल्यावर सुई वाकते, प्लेटवर आपटते, टोक जातं किंवा तुटते, तुटलेली सुई शटलवर, म्हणजे खाली फिरून वरचा-खालचा दोरा गुंफणाऱ्या भागावर, ओरखडा पाडते, त्या ओरखड्यात दोरा अडकून पिंजतो. मग ती म्हणते "दोरा सारखा तुटतोय, दोराच खराब आहे". म्हणजे सुरुवात चिमटीभर लवेची आणि शेवट नवीन शटलवर. वडील प्लेटचे दोन स्क्रू काढून ती वडी टाचणीनं उचलायचे आणि त्या बाईच्याच तळहातावर ठेवायचे. जुना टूथब्रश घ्या आणि आठवड्याला असं साफ करा म्हणून सांगायचे. बाकीचे मेकॅनिक त्यांना वेड्यात काढायचे की असं फुकट शिकवलंस तर पुढच्या महिन्यात तुला बोलवेल कोण. पण त्याच बायका दुसऱ्या चार घरी न्यायच्या, "हे खरं काय ते सांगतात" म्हणून.

दुकान मी हातात घेतलं तेव्हा सायकलची पेटी होती आणि एक छोटा गाळा भाड्यानं. पार्ट लुधियानाहून यायचे, अजूनही बहुतेक तिथूनच येतात, घरगुती काळ्या मशिनींचं सगळं गाव म्हणजे लुधियाना. मशीनवर नाव उषा असो, सिंगर असो, मेरिट असो नाहीतर कुठलं लोकल, गोल बॉबिनच्या मॉडेलचे खूपसे पार्ट एकमेकांना चालतात, हे गिऱ्हाइकाला माहीत नसतं आणि काही दुकानदार माहीत होऊ देत नाहीत. लांब शटलची, ती होडीच्या आकाराच्या शटलवाली जुनी सिंगर आली की मात्र मी आधीच हात जोडतो. पार्ट मिळाला तर मिळाला. पण चालते काय मक्खन, आणि विकू नका म्हणून मीच सांगतो.

जुकीत, म्हणजे कारखान्याच्या मशिनींत जा, पैसा तिकडे आहे असं मला पुष्कळांनी सांगितलं. सोलापुरात युनिफॉर्मचे कारखाने भरपूर, तिथल्या मशिनी मिनिटाला ५,००० पर्यंत टाके मारतात, घरच्या मशिनीची आणि त्यांची तुलनाच नाही. थोडे दिवस तिकडची कामं घेतली पण कारखान्याचा स्वतःचा मेकॅनिक असतो, आपल्याला बोलवतात ते तो सुट्टीवर असला की, आणि बिल निघायला पुढचा सीझन उजाडतो. घरगुती गिऱ्हाईक दोनशे रुपयाला घासाघीस करेल पण देऊन जातं. म्हणून घरगुतीच धरलं, मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

तेलाचं एक वेगळंच प्रकरण आहे. घरात मशीन कुरकुरली की हाताला येईल ते तेल, खोबरेल नाहीतर गोडेतेल. गोडेतेल आमच्याकडे शेंगदाण्याचं, ते हवेनं चिकट होत जातं, डिंक व्हायला लागतो, मशीन जड, पाय दुखतात. खोबरेल तर थंडीत गोठतंच, डिसेंबर-जानेवारीत आमच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या आसपास सकाळी "मशीन जाम झाली" म्हणून फोन येतो आणि दुपारी उन्हात ठेवली की फिरते, मग आम्ही ओळखतो. अशा मशिनीला आधी रॉकेल सोडून फिरवायची, काळं पाणी निघून जाऊ द्यायचं, पुसायचं आणि मग मशीनचंच पातळ पांढरं तेल, प्रत्येक भोकात एक थेंब, दोन नाही. नंतर चिंधीवर चार टाके मारायचे नाहीतर पहिल्याच ब्लाऊजला डाग. आणि खंडेनवमीला पूजा जरूर करा, आम्ही पण करतो, पण हळदकुंकू मशीनच्या कपाळावर, तेलाच्या भोकावर नको. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात कुंकवानं बुजलेली भोकं साफ करायचा आमचा सीझनच असतो, आणि मागोमाग दिवाळीची गर्दी म्हणून लोकांना तेव्हा मशीन आत्ताच्या आत्ता पाहिजे असते.

धंद्याला खरं वळण मिळालं ते मिसेस दुकानात बसायला लागल्यावर. तोपर्यंत मशीन विकली की कारागीर घरी जायचा, स्टँड जोडायचा, पट्टा घालायचा, स्वतः चार टाके मारून दाखवायचा आणि निघायचा. आठ दिवसांत फोन, मशीन खराब निघाली. हिनं नियम केला की डेमोत कारागिरानं मशीनला हात लावायचा नाही, दोरा ओवायचा तो जिची मशीन आहे तिनंच. तेव्हा कळलं लोक नेमकं कुठं अडतात. सगळ्यात मोठी तक्रार काय तर कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं होतं. खाली जाळं म्हणून दोष खालच्या बॉबिनचा असं समजून जो तो बॉबिन केसचा, म्हणजे बॉबिन बसते त्या डबीचा, बारका स्क्रू पिळत बसतो. आणि जाळं असतं वरच्या दोऱ्याचं. प्रेशर फूट, म्हणजे कापड दाबणारा पाय, खाली ठेवून दोरा ओवला तर दोरा ताणून धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्या आत जातच नाही, वरून नुसता घसरत राहतो आणि ढिला दोरा सगळा खाली ओढला जातो. फूट वर करा, पुन्हा ओवा, बस्स. एक काकू रिक्षानं मशीन घेऊन आल्या होत्या, रिक्षाचे जायचे यायचे पैसे आमच्या सेटिंगच्या चार्जपेक्षा जास्त, त्यांची तक्रार हीच निघाली. हिनं त्यांच्याकडून तीनदा ओवून घेतलं आणि पैसे घेतले नाहीत. काकू हसायच्या ऐवजी चिडल्या, "हे विकणाऱ्यानं तेव्हाच नको का सांगायला?" म्हणाल्या. बरोबरच होतं त्यांचं.

बॉबिनचा स्क्रू बघायचाच असेल तर केसमधे भरलेली बॉबिन घाला, दोऱ्याला धरून केस लटकवा. आपल्या वजनानं घसरत खाली गेली तर ढिली, हलका झटका दिल्यावर थोडीशी उतरून थांबली तर ठीक, झटक्यानंही हलली नाही तर घट्ट. स्क्रू फिरवायचा तो पाव आटा, जास्त नाही, आणि खाली पेपर अंथरून, कारण तो स्क्रू पडला की फरशीवर सापडत नाही. सुई घालताना लांब खाच दोरा ओवायच्या बाजूला, चपटी बाजू शटलकडे, आणि वर टेकेपर्यंत ढकलायची. सुई उलटी किंवा अर्धवट बसली तर टाकाच पडत नाही, आणि ती मशीन टायमिंग (सुई आणि शटलचा मेळ) गेलंय म्हणून आमच्याकडे येते.

खरं टायमिंग गेलेलं असतं ते क्वचित. सुई अगदी खाली जाऊन २ ते २.५ मिलिमीटर वर येते, तेवढ्यात दोऱ्याचा फास सुटतो, आणि त्याच क्षणी शटलचं टोक सुईच्या नाकाच्या जरा वरून गेलं पाहिजे, सुईला न घासता, मधे पातळ कागद जाईल इतकीच फट. हे मात्र घरी करू नका. सुईदांडीचा स्क्रू सोडून यूट्यूब बघत बसलेल्या मशिनी आमच्याकडे पिशवीतून येतात. चाकाचा मोठा नट काढून आतली वॉशर उलटी बसवणारे पण पुष्कळ, मग बॉबिन भरताना सुई थांबतच नाही. ती वॉशर अर्धा फेरा फिरवून बसवली की झालं, पण हे माहीत नसलेले कारागीर मी नवीन चाक घालायला सांगताना ऐकलेत.

२०२० च्या लॉकडाउनमधे दुकान बंद होतं आणि फोन चालू. बचत गटांच्या बायकांना मास्कचं काम मिळालं आणि वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेल्या मशिनी खाली उतरल्या. पट्टे सुकून तडकलेले, बॉबिन केस गंजलेल्या, जागेवर जायला परवानगी नाही. मग व्हिडिओ कॉलवर चालू केलं, कॅमेरा दाते दिसतील असा धरा, चाक आपल्याकडे फिरवा, आता थांबा. अर्ध्याहून जास्त मशिनी अशाच चालू झाल्या. निर्बंध उठल्यावर त्यातल्या बऱ्याच जणी मोटर बसवायला आल्या. मोटरचं एवढंच सांगतो की पट्टा ताणून बसवू नका, मधे बोटानं दाबल्यावर सेंटिमीटरभर तरी दबला पाहिजे, नाहीतर मोटर तापते आणि बेअरिंग जातं.

२०२३ च्या सप्टेंबरमधे पीएम विश्वकर्मा योजना आली, त्यात शिंपीकाम आहे आणि टूलकिटला १५,००० रुपये, तेव्हापासून पुन्हा नवीन मशिनी वाढल्या. शिवाय ऑनलाइनच्या. बॉक्स घरपोच येतो पण बसवून द्यायला कुणी येत नाही, पुस्तक इंग्रजीत. आमच्याच लाइनीतले काही जण अशा मशीनला हात लावत नाहीत, "जिथून घेतली तिथं जा" म्हणतात. राग मलाही येतो, खोटं कशाला बोलू, पण मशीन कुठूनही घेतलेली असो आम्ही सेट करून देतो आणि त्याचा चार्ज आधी सांगतो. दोरा, सुया, तेल घ्यायला ती माणसं नंतर आमच्याकडेच येतात. या नव्या ऑटोमॅटिक झिगझॅगमधे बऱ्याचदा आत प्लास्टिकचे गिअर असतात, त्यात काळ्या मशीनसारखं जिथं भोक दिसेल तिथं तेल सोडू नका, आणि पिकोच्या हौसेनं जीन्सचे चार थर तिच्याखाली घालू नका. जीन्सला १६ नंबरची सुई आणि काळी मशीन. होजिअरीला बॉल पॉइंट सुई, साध्या सुईनं टाके सुटणारच.

आता मुलगा पण दुकानात येतो, त्याला स्टिकर, क्यूआर, रिमाइंडर मेसेज असलं सगळं करायचंय, करू दे. जूनमधे शाळा सुरू व्हायच्या वेळेला आणि दिवाळीच्या आधी तीन आठवडे आमच्याकडे वेटिंग असतं, तेव्हा सर्व्हिसिंग जानेवारी-फेब्रुवारीत करून घेतलेली बरी. येताना स्टँड आणू नका, वरचं हेड पुरतं. बॉबिन केस, एक-दोन बॉबिना, तुम्ही वापरता तोच दोरा आणि जे कापड शिवताना त्रास होतो त्याचा तुकडा मात्र नक्की आणा, आमच्या दोऱ्यावर आणि आमच्या चिंधीवर ती छान चालेल आणि घरी गेल्यावर पुन्हा तेच.