डिसेंबर १९८१ची पगार पावती

घराच्या यादीत आपला नंबर कितवा, हे आई मला दर गणपतीत विचारायची. गणपतीतच, कारण तेव्हा लालबाग-परळची जुनी माणसं भेटतात आणि त्यांच्यात कुणाला तरी घर लागलेलं असतं. मला उत्तर देता यायचं नाही. पुढे कळलं की मी शोधत होते तीच गोष्ट चुकीची होती. गिरणी कामगारांच्या घरांसाठी रेशनच्या रांगेसारखा पहिला, दुसरा, पाचशेवा असा नंबर नसतो. घरं सोडतीनं लागतात. आपण बघायच्या त्या दोनच गोष्टी: अर्ज नोंदीत आहे का, आणि त्या अर्जावरचा कामगार ‘पात्र’ ठरला आहे का. एवढं समजायला मला बरीच वर्षं लागली. ज्यांच्या घरी अजून कागदांची पिशवी माळ्यावर पडून आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

बाबा लोअर परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. संप लांबला तसे बाबा आईला घेऊन राजापूरकडे गावी गेले, भातशेती केली, परत आले. गिरणीत पुन्हा घेतलं गेलं नाही. नंतरची सगळी वर्षं त्यांनी इमारतींच्या दारावर वॉचमन म्हणून काढली. आम्ही चाळीतली खोली सोडून डोंबिवलीला भाड्यानं आलो.

घरासाठीचा अर्ज बाबांनी स्वतः भरला, २०१०मध्ये. असे अर्ज २०१०, २०११ आणि २०१७ अशा तीन टप्प्यांत घेतले गेले आणि त्यांची संख्या पावणेदोन लाखांच्या आसपास गेली. पहिली मोठी सोडत २८ जून २०१२ची, ६,९२५ घरांची. दुसऱ्या दिवशी बाबा पेपर जमिनीवर पसरून, चष्मा कपाळावर सरकवून, एकेका नावावरून बोट फिरवत होते. बोट शेवटच्या ओळीपर्यंत गेलं की ते पुन्हा वरून सुरू करायचे. तीनदा वाचलं त्यांनी. पुढे २०१६मध्ये २,६३४ आणि पनवेलजवळच्या कोनची २,४१७, मग १ मार्च २०२०ला ३,८९४. सगळी मिळून १५,८७० घरं. बाबा २०१५मध्येच गेले, नंतरच्या याद्या मी वाचल्या.

एकदा आईला हा हिशेब कागदावर मांडून दाखवला. इतके अर्ज, इतकी घरं. जमीन कुठे गेली तेही सांगितलं: मुंबईच्या बांधकामाच्या १९९१च्या नियमात गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग सार्वजनिक घरांसाठी होता, २००१मध्ये नियम बदलला आणि हा वाटा फक्त मोकळ्या जमिनीपुरता उरला. गिरण्यांच्या आवारात मोकळी जमीन ती किती असणार! आई बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “म्हंजे आपलं काय चुकलं नव्हतं तर.” इतकी वर्षं तिला वाटत होतं की बाबांनी अर्जात काहीतरी राहू दिलं.

सप्टेंबर २०२३मध्ये बातमी आली. सोडतीत न लागलेल्या १,५०,४८४ कामगारांची आणि वारसांची पात्रता आधीच तपासून ठेवायची मोहीम म्हाडानं १४ सप्टेंबरपासून सुरू केली होती. कागद वांद्रे पूर्वेच्या समाज मंदिर सभागृहात द्यायचे किंवा ऑनलाइन भरायचे. मुख्य अट एकच: कामगार १ जानेवारी १९८२ला गिरणीच्या पटावर होता, हे दाखवायचं. संपाच्या सतरा दिवस आधीची तारीख. पुराव्यासाठी यादी मोठी होती: गिरणीचं ओळखपत्र, तिकीट नंबर (गिरणीतला कामगाराचा क्रमांक), सर्व्हिस सर्टिफिकेट, लाल पास, हजेरीपत्रक, प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर, ईएसआयसीचा (कामगार विम्याचा) नंबर, ग्रॅच्युइटीचा आदेश, पगार पावती वगैरे.

माळ्यावरची पिशवी काढली. अर्जाची पावती मिळाली, तिच्यावरचा अर्ज क्रमांक आधी मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवला. (हे सगळ्यात आधी करा. शाई उडते.) ईएसआयसीचं कार्ड मिळालं, टाचणीच्या गंजानं कोपरा तांबडा झालेलं. पण त्यावरची नोंदणी १९७४ची. बाबा गिरणीत लागले कधी ते त्यावरून कळत होतं, १९८२ उजाडलं तेव्हा ते तिथेच होते हे कळत नव्हतं. युनियनमध्ये बसणारे एक काका आहेत, बाबांच्याच खात्यातले. ते कार्ड उलटसुलट करून म्हणाले, “पोरी, हे जोड, पण एक्क्याऐंशीच्या शेवटाचं काहीतरी शोध. आईला विचार. बायका कागद टाकत नाहीत.”

आईला विचारलं. ती म्हणाली, पगाराचं काही नाही माझ्याकडे, फक्त वाण्याचा हिशेब आहे. तिच्या ट्रंकेत, लुगड्याच्या घडीत, चार घड्या घातलेला एक पातळ कागद होता. त्यावर पेन्सिलीनं बाबांच्या अक्षरात: तांदूळ, गोडेतेल, रॉकेल, चहा, आणि पुढे आकडे. संपाच्या पहिल्या महिन्यांतली उधारी. वाण्यानं कधी तगादा लावला नाही, म्हणून आईनं तो कागद ठेवला होता. त्याचे उपकार विसरायचे नाहीत म्हणून. मी कागद उलटला. मागे डिसेंबर १९८१ची पगार पावती होती. तिकीट नंबर, खातं, भरलेले दिवस, कापलेला फंड, सगळं छापील रकान्यांत. माझे हात थरथरायला लागले. आईला वाचता येत नाही. बेचाळीस वर्षं तिनं उधारीची बाजू वर ठेवून तो कागद सांभाळला होता.

घोळ नावाचा निघाला. पावतीवर ‘पांडू राघू’, मृत्यूच्या दाखल्यावर ‘पांडुरंग राघोबा’ आणि आडनाव. गिरणीत नाव असंच लिहायचे, हजारो जणांचं लिहिलं असेल. ही दोन्ही नावं एकाच माणसाची, असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घेतलं आणि सोबत ईएसआयसीचं कार्ड लावलं, कारण तिकीट नंबर दोन्हीकडे तोच होता. नाव फिरतं, तिकीट नंबर फिरत नाही, हे काकांचं म्हणणं मला तिथे पटलं. बाबांचा मृत्यूचा दाखला, आईचं आधार कार्ड, आम्हा दोघा भावंडांची संमती, असा संच करून आईला घेऊन वांद्र्याला गेले.

सभागृहात सगळी आईच्या वयाची माणसं. कुणी काठी टेकत आलेलं, कुणाला नातवानं धरून आणलेलं. प्रत्येकाच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी. बाहेर मात्र एक माणूस आमच्याजवळ आला, “वीस हजार द्या, नंबर वर आणतो” म्हणाला. वर आणायला नंबरच नसतो, हे मला एव्हाना माहीत होतं. शेजारच्या मावशींनाही मी ते सांगितलं आणि त्यांनी पदरात बांधलेले पैसे परत गाठीत घातले. ज्यांना माहीत नसेल त्यांनी कुठून कुठून पैसे उभे केले असतील, याचा विचार केला की अजून संताप येतो.

टेबलावरच्या मुलीनं अर्ज क्रमांक टाकला, कॉम्प्युटरवर बाबांचं नाव आलं. “आहे, मावशी, नोंद आहे,” ती म्हणाली. आईनं तिला पुन्हा म्हणायला लावलं. कागद तपासले, पोच दिली. पुढे काही महिने मी दर पंधरा दिवसांनी स्थिती बघत राहिले, आणि एका संध्याकाळी ऑफिसमधून येताना दिवा स्टेशनच्या पुढे गाडीत उभ्या उभ्या ‘पात्र’ हा शब्द दिसला. डोंबिवली येईपर्यंत तीनदा पान उघडून पाहिलं.

घर अजून लागलेलं नाही. मार्च २०२४च्या शासन निर्णयात मुंबईबाहेर, कर्जतच्या वाटेवरच्या शेलू आणि वांगणीच्या घरांची योजना आली, आणि घर नाकारलं तर हक्क जाईल असं एक कलमही. मुंबईतच घर द्या, म्हणून ९ जुलै २०२५ला कामगार आणि वारस आझाद मैदानात जमले; ते कलम काढत असल्याचं त्यानंतर सरकारनं सांगितलं. मी रजा टाकून गेले होते. गिरण्या मुंबईत होत्या, घाम मुंबईत गाळला, घर मुंबईतच हवं, असं माझंही मत आहे. पण आई सत्त्याहत्तरची आहे. एका रविवारी ती म्हणाली, शेलू बघून तरी येऊ. कर्जत गाडीनं गेलो, वांगणीच्या पुढचं स्टेशन. आईनं फलाटावरच्या बाकावर बसून डोंगराकडे पाहिलं, मग पुढची गाडी किती वेळानं आहे, दवाखाना कुठे आहे, हे चहावाल्याला विचारलं. हो-नाही काही बोलली नाही.

अर्जावर आईचा मोबाइल नंबर आहे. साधा, बटणांचा फोन. त्याचं रिचार्ज मी माझ्या मोबाइलवर गजर लावून करते, संपायच्या चार दिवस आधी. पगार पावती लॅमिनेट केलेली नाही, काकांनी नको म्हटलं. पारदर्शक पाकिटात ठेवली आहे, दोन्ही बाजू दिसतील अशी.