एसाविराला जाताय? मग आधी वाऱ्याचा हिशोब मांडा

मोरोक्कोला जाणारी आपली बहुतेक मंडळी कासाब्लांका, फेस, सहाराची एक रात्र आणि मराकेश असा कार्यक्रम आखतात आणि एसाविरा, म्हणजे अटलांटिकच्या काठचं जुनं बंदराचं गाव, कुठे बसवायचं तर मराकेशहून डे ट्रिप म्हणून. माझं कळकळीचं सांगणं आहे की असं करू नका. मराकेशहून एसाविरा बसने साधारण तीन तास, म्हणजे जाऊन येऊन सहा तास प्रवासातच गेले. डे ट्रिपच्या गाड्या अकराच्या आसपास येऊन टेकतात आणि चारला परत निघतात, आणि नेमके तेच तास तिथे सगळ्यात जास्त वाऱ्याचे आणि सगळ्यात जास्त गर्दीचे. गावाची खरी मजा सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी पाचनंतर. त्यामुळे किमान तीन रात्री मुक्काम ठेवा, त्यासाठी मराकेशची एक रात्र कमी करावी लागली तरी चालेल.

आम्ही ऑक्टोबरच्या सुरुवातीला गेलो होतो, मी, नवरा, लेक आणि सासूबाई. सासूबाई शुद्ध शाकाहारी आणि गुडघ्यांचा त्रास असलेल्या, त्यामुळे खाली जे लिहितेय ते त्या दोन्ही गोष्टी धरून आहे, ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांना उपयोगी पडेल.

पहिलं म्हणजे वारा. अटलांटिकचं पाणी इथे थंड, आतला प्रदेश तापलेला, आणि त्यात उत्तरेकडून येणारे व्यापारी वारे, त्यामुळे साधारण एप्रिल ते सप्टेंबर इथे वारा जोरदार वाहतो, दुपारी तर बीचवर वाळू पोटऱ्यांना टोचते. काइटसर्फिंग, विंडसर्फिंगवाले त्यासाठीच जगभरातून येतात. मराकेश चाळिशी पार करत असतं तेव्हा इथे पंचवीसच्या आतबाहेर, म्हणून भर उन्हाळ्यात स्थानिक लोकही गारव्याला येतात. तुम्हाला बीचवर पडून राहायचं असेल, पोहायचं असेल तर हे गाव त्यासाठी नाही, पाणी बाराही महिने गारच. फिरायला, बघायला, खायला मात्र उत्तम. वारा नको असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर बरा, हिवाळ्यात थोडा पाऊस असतो पण उजेड सुंदर असतो. विंडचीटर कुठल्याही महिन्यात घ्याच, आणि टोपी हनुवटीखाली बांधता येईल अशी.

व्हिसासाठी ई-व्हिसाची सोय आहे, सरकारच्या अधिकृत साइटवरच अर्ज करा, मधल्या एजंट साइट्स खूप आहेत त्यांच्या नादी लागू नका. मुंबईहून दुबई किंवा दोहामार्गे कासाब्लांका, एअरपोर्टच्या खालीच रेल्वे स्टेशन आहे, तिथून कासा व्हॉयाजर स्टेशनला या आणि मग मराकेशची ट्रेन पकडा. एसाविरापर्यंत रेल्वे जात नाही, पुढे बस. सुप्राटूर्स ही रेल्वेचीच बससेवा, ती मराकेश स्टेशनच्या शेजारून सुटते, दुसरी सीटीएम. दोन्ही चांगल्या, तिकीट आदल्या दिवशी काढून ठेवा कारण सकाळच्या बस भरतात, आणि डिकीत टाकायच्या बॅगेचे थोडे वेगळे पैसे घेतात ते सुट्टे ठेवा.

वाटेत अर्गनच्या झाडावर चढलेल्या बकऱ्या दिसतील. बकऱ्या अर्गनची फळं खायला झाडावर खरंच चढतात, पण रस्त्याच्या कडेला एकाच झाडावर दहाबारा बकऱ्या फोटोसाठी तयार उभ्या असतील तर त्या बऱ्याचदा मुद्दाम चढवून ठेवलेल्या असतात, तासन्‌तास उन्हात. तिथे गाडी थांबवू नका आणि पैसे देऊ नका, टॅक्सीने जात असाल तर ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा.

जुनं गाव म्हणजे मेदिना, आत गाड्या नाहीत. वेशीवर हातगाडीवाले असतात, ते सामान रियादच्या (मधोमध अंगण असलेलं जुनं घर, आता मुक्कामाची जागा) दारापर्यंत आणून देतात, भाव आधी ठरवा आणि खुशाल घ्या, सासूबाईंची बॅग ओढत दगडी गल्ल्यांतून जाण्यापेक्षा ते कधीही बरं. रियाद बुक करताना तीन गोष्टी विचारा. तळमजल्यावर खोली आहे का, कारण जिने अरुंद आणि उभे असतात. खोलीत हीटर आहे का, कारण समुद्राची ओल भिंतीत मुरलेली असते आणि रात्री गादी गार लागते. आणि खोली तटबंदीला लागून आहे का, असेल तर लाटांचा आणि सीगल पक्ष्यांचा आवाज रात्रभर असतो, काहींना आवडतो, झोप सावध असलेल्यांनी आतल्या गल्लीतली खोली घ्यावी.

या गावाचं वेगळेपण म्हणजे ते आखून बांधलेलं आहे. फेस-मराकेशच्या मेदिनात माणूस हरवतो, इथे मुख्य रस्ते सरळ रेषेत आहेत. सुलतान सिदी मोहम्मद बेन अब्दल्लाह याने १७६० च्या दशकात हे बंदर नव्याने उभारलं आणि आराखड्यासाठी थेओदोर कॉर्नू नावाच्या फ्रेंच इंजिनिअरला लावलं. त्याआधी हे मोगादोर, पोर्तुगीजांनी १५०६ मध्ये इथे एक किल्ला बांधलेला पण तो त्यांना फार वर्षं टिकवता आला नाही. सुलतानाला दक्षिणेकडच्या व्यापारावर पकड हवी होती, सहाराच्या पलीकडच्या तिंबक्तूहून निघालेले सोनं, हस्तिदंत, शहामृगाची पिसं यांचे काफिले इथे येऊन थांबायचे आणि माल जहाजांवर चढायचा. नंतर १८४४ मध्ये फ्रेंच आरमाराने यावर तोफा डागल्या, आणि पुढे फ्रेंच राजवटीत सगळा पैसा कासाब्लांकाच्या बंदरात गेला, मग हे मागे पडलं. मागे पडलं म्हणून वाचलं असं मला वाटतं, २००१ पासून मेदिना युनेस्कोच्या यादीत आहे.

आता दिवस कसे आखायचे. सकाळी लवकर बंदर. निळ्या रंगाच्या लाकडी होड्या एकमेकींना खेटून उभ्या असतात, जाळी पसरलेली असतात, आणि शेजारीच लाकडी ट्रॉलर बांधायचं काम चालतं, नुसत्या फासळ्या उभ्या असलेली होडी जवळून बघता येते. बंदराच्या बुरुजावर म्हणजे स्काला द्यु पोरवर थोडं तिकीट काढून चढा, तिथल्या भिंतीत एक गोल भोक आहे त्यातून पांढरं गाव बरोब्बर चौकटीत दिसतं, तो फोटो डे ट्रिपची गर्दी येण्याआधी काढून मोकळे व्हा. दुपारी वारा वाढला की मेदिनाच्या आत शिरा, भिंतींमुळे आत वारा लागत नाही. तटबंदीवरचा दुसरा बुरुज, स्काला द ला कासबा, संध्याकाळसाठी राखून ठेवा, युरोपात ओतलेल्या तोफांची रांग समुद्राकडे तोंड करून आहे आणि सूर्य समोर पाण्यात बुडतो. आपण किल्ल्यांवर वाढलेली माणसं, तोफा आणि जंग्या बघून हात आपोआप दगडावर फिरतो.

या बुरुजाच्या खालीच, पूर्वी कोठारं असलेल्या कमानींत थुया नावाच्या स्थानिक झाडाच्या लाकडाचे कारागीर बसतात. दुकानात जाण्यापेक्षा इथे थांबा. एक वयस्क चाचा डबीच्या झाकणावर लिंबाच्या पिवळ्या लाकडाची नक्षी बसवत होते, केसाएवढी पातळ पट्टी चिमट्याने खाचेत ठेवायची, अंगठ्याने दाबायची, मग ब्लेडने वरचं खरवडायचं आणि तेलाच्या बोळ्याने घासायचं, घासलं की लाकडातले डोळे डोळे वर येतात. वास राळेसारखा तिखट आणि गोड, डबी उघडली की आजही घरात येतो. पण एक सांगायला हवं, हे डोळेवालं लाकूड झाडाच्या मुळाच्या गाठीचं असतं, तोडलेल्या बुंध्यातून थुया परत फुटते पण गाठ खणून काढली की झाड गेलंच. म्हणून मोठं टेबल वगैरे घेऊ नका, एखादी छोटी डबी घ्या आणि करणाऱ्याच्याच हातून घ्या, घासाघीस अगदी शेवटपर्यंत ताणू नका.

मेल्लाह म्हणजे ज्यू वस्ती, तिकडे एक अर्धा दिवस द्याच. सुलतानाने ज्यू व्यापाऱ्यांना इथे मुद्दाम वसवलं होतं, दरबारातर्फे परदेशांशी व्यापार करायचे, आणि एके काळी गावात ज्यूंची संख्या प्रचंड होती. आता जवळजवळ कोणी राहिलेलं नाही. बैत दाकिरा हे २०२० मध्ये सुरू झालेलं स्मृतिघर बघा, आतच जुनं सिमोन अत्तियास सिनगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, शनिवार टाळून जा. हाइम पिंतो यांचं सिनगॉगही जवळच, साधं, निळं-पांढरं. शेजारच्या काही गल्ल्यांत घरं पडलेली आहेत, तिकडे दिवसाउजेडीच फिरा.

खाणं. मासे खाणाऱ्यांची चंगळ. मेदिनात सूक ज्दीदच्या कमानींत मासळी बाजार आहे, तिथे स्वतः मासे निवडायचे, वजन करून घ्यायचे आणि बाजूच्या भट्टीवाल्याकडे द्यायचे, थोड्या पैशांत भाजून देतो, सोबत ब्रेड आणि टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर. तारल्या घ्या, हे गाव तारल्यांचंच. कोथिंबीर, लसूण, जिरं, लिंबाचं वाटण लावतात त्याला शर्मूला म्हणतात, ते लावून द्यायला सांगा. बंदराजवळच्या स्टॉलवर बसणार असाल तर मासे तव्यावर जायच्या आधी वजन आणि एकूण रक्कम दोन्ही बोलून घ्या, तिथे बोलावणारी माणसं मागे लागतात, नुसतं "ला, शुक्रन" (नको, धन्यवाद) म्हणून पुढे चालत राहायचं, कोणी वाईट वागत नाही.

शाकाहारी लोकांनी घाबरू नका पण गाफील राहू नका. ताजीन म्हणजे झाकणाच्या मातीच्या भांड्यात मंद शिजवलेला पदार्थ, आणि व्हेजिटेबल ताजीन म्हणून जे येतं ते बरेचदा मांसाच्या रश्श्यात शिजवून वरून भाज्या रचलेलं असतं. आम्ही असं केलं की सकाळी नाश्त्यालाच रियादच्या स्वयंपाकघरात सांगून ठेवायचं, मांस नको, कोंबडी नको, मासे नको, आणि रस्साही नको, सगळं एकेक करून सांगायचं, कारण कोंबडीला काही लोक मांसात धरत नाहीत. मग स्वयंपाकघरातल्या बायका रात्री वेगळं करून द्यायच्या. झालूक मिळालं की सासूबाई खूश, अगदी आपल्या वांग्याच्या भरतासारखं, टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल घातलेलं. सकाळी बिसारा प्या, वाळलेल्या बाकल्याच्या डाळीचं दाट सूप, वर जिरं आणि तेल, पोटभरीचं आणि स्वस्त. हरीरा हे टोमॅटो-डाळीचं सूप मात्र विचारूनच, त्यात मांस असू शकतं. मसेमन म्हणजे घडीची पोळी, तिच्यावर अमलू लावून, म्हणजे बदाम, मध आणि अर्गन तेलाचं वाटण, ते लेकीने रोज खाल्लं.

अर्गन तेलाबद्दल थोडं जास्त लिहिते कारण इथे फसायला फार होतं. मेदिनातल्या दुकानांपेक्षा गावाबाहेरच्या बायकांच्या सहकारी संस्थांत जा. जाड कवच दगडावर ठेवून दुसऱ्या दगडाने फोडतात, हात इतका सराईत की बघत राहावं, मग बिया दगडी जात्यात दळायच्या, दाट पेस्ट बाहेर येते ती पाणी शिंपडत मळायची की तेल सुटतं. खायच्या तेलाच्या बिया भाजलेल्या असतात, त्याचा रंग गडद आणि वास खमंग, अंगाला-केसांना लावायचं न भाजलेल्या बियांचं, फिकट आणि जवळजवळ बिनवासाचं. दोन्ही एकच आहे असं सांगणाऱ्याकडून घेऊ नका. खूप स्वस्त मिळालं तर त्यात दुसरं तेल आहे असं समजा.

गावाबाहेर एक दिवस काढा. वारा कमी असेल त्या सकाळी बीचवरून दक्षिणेला दियाबातकडे चालत जा, वाळूत खचलेला जुना बुरुज लागतो. अमेरिकन रॉक गिटारवादक जिमी हेन्ड्रिक्स १९६९ मध्ये इथे आला होता आणि त्याचं एक गाणं या पडक्या बुरुजावरून सुचलं असं तुम्हाला चारजण सांगतील, पण ते गाणं १९६७ मध्येच आलेलं होतं. संध्याकाळी तिथेच नदीच्या मुखाशी थांबलात तर एलिओनोरा ससाणे दिसू शकतात, समोरच्या मोगादोर बेटावर ते घरटी करतात, उन्हाळ्याच्या शेवटी, कारण तेव्हा युरोपातून आफ्रिकेकडे निघालेले छोटे पक्षी पिल्लांना भरवायला मिळतात, आणि मग हिवाळ्याला स्वतः मादागास्करकडे जातात. दुर्बीण न्या. बेटावर उतरायला परवानगी लागते, बंदरातल्या बोटी फक्त प्रदक्षिणा घालून आणतात. याच बेटांवर दोन हजार वर्षांपूर्वी, इथला राजा जुबा दुसरा याच्या काळात शंखातून जांभळा रंग काढायचे, रोमच्या श्रीमंतांच्या कपड्यांसाठी. तुमच्या मुक्कामात रविवार येत असेल तर हद द्राचा आठवडी बाजार गाठा, उंट-बकऱ्यांपासून धान्यापर्यंत सगळं असतं आणि सकाळीच आटपतं.

जूनमध्ये ग्नावा संगीताचा महोत्सव असतो, १९९८ पासून चालू आहे. सहाराच्या पलीकडून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या वंशजांचं हे संगीत, तीन तारांची गिंब्री आणि लोखंडी चिपळ्या, ऐकताना अंगावर येतं. पण तेव्हा रियाद कित्येक महिने आधी भरतात आणि दर वाढतात, संगीतासाठीच जायचं असेल तरच ती तारीख धरा. आणि रमजानमध्ये जात असाल तर दिवसा बरीच खानावळं बंद असतात आणि घड्याळही एक तास मागे जातं, बसची वेळ नीट बघून घ्या.

गावात फिरायला छोट्या निळ्या टॅक्सी, शहरापुरतं भाडं जवळपास ठरलेलं. रोख पैसे जवळ ठेवा, एटीएम मौले हसन चौकाजवळ आहेत, छोट्या दुकानांत कार्ड चालत नाही. आपली बारीक दोन पिनांची चार्जरची पिन तिथे बसते. तेलाच्या बाटल्या चेक-इन बॅगेत, झाकणाला टेप लावून आणि दुहेरी पिशवीत. मोरोक्कोचा दिरहॅम भारतात बदलून मिळत नाही, त्यामुळे सुरुवातीला बदलल्याची पावती शेवटपर्यंत जपा आणि उरलेले पैसे कासाब्लांका एअरपोर्टवर इमिग्रेशनच्या आधीच बदलून घ्या.