जुनी सुबारू, मालकाच्याच हातून : आमची वाटचाल

डेन्व्हरमध्ये जुन्या सुबारू या जपानी गाड्यांच्या दुरुस्तीचं काम आम्ही सुरू केलं ते २००९ च्या मंदीत. माझी मशीन डिझाइनची नोकरी गेली होती, ग्रीन कार्ड हातात होतं आणि कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वडिलांच्या लेथपाशी वाढलेला माणूस मोकळ्या हातांनी घरी बसू शकत नाही. आमची स्वतःची १९९७ ची लेगसी आउटबॅक होती, आणि गल्लीत दर दोन-चार घरांमागे एखादी सुबारू उभी असायचीच. कोलोरॅडोत बर्फ आहे, घाट आहेत, कच्चे रस्ते आहेत. चारही चाकांना ताकद देणारी ही गाडी इथली माणसं वीस-वीस वर्षं सोडत नाहीत.

सुरुवातीला एक नियम घालून घेतला, तो अजून पाळतो. निदान झाल्याशिवाय पाना लावायचा नाही, आणि निदान गिऱ्हाइकाच्या दारात, त्याच्या डोळ्यांसमोर करायचं. पुढचं काम त्याला स्वतः करायचं असेल तर आम्ही शिकवायचं आणि हत्यारं भाड्याने द्यायची. बायकोने हिशेब मांडून दाखवला की यावर घर चालेल. तिने हिशेबाची आणि सुट्या भागांची बाजू घेतली नसती, तर हा धंदा उभा राहिला नसता.

पहिली काही वर्षं बहुतेक फोन एकाच तक्रारीचे. गावात गाडी ठीक चालते, पण आय-७० महामार्गाने आयझेनहावर बोगद्याकडे चढायला लागलं की तापमानाचा काटा वर जातो. डेन्व्हर आहे १,६०० मीटरवर आणि तो बोगदा जवळजवळ ३,४०० मीटरवर, म्हणजे इंजिनाची खरी परीक्षा. १९९६ ते १९९९ मधल्या, प्रत्येक हेडवर (सिलिंडरांवरच्या झाकणावर) दोन कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे दांडे, असलेल्या २.५ लिटर इंजिनात हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालचं पातळ पॅकिंग, आतून जातं. सिलिंडरमधला जळका वायू दाबाने कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात, शिरतो. खाली थेंब दिसत नाही, तेलही दुधाळ होत नाही. त्यामुळे थर्मोस्टॅट झाला, रेडिएटर झाला, वॉटर पंप झाला, असं एकेक बदलून खिसा रिकामा झाल्यावर लोक आमच्याकडे यायचे.

लेकवूडच्या एका नर्सबाईंची गाडी अशीच होती. दारात अर्धा तास इंजिन चालू ठेवलं, काहीच नाही. मग त्यांना शेजारी बसवून गोल्डनजवळच्या लुकआउट माउंटनच्या घाटात गाडी चढवून आणली. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नसतंच. इंजिन चालू ठेवूनच ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जास्तीचं कूलंट साठवणाऱ्या, बाटलीत पाहिलं, तर बारीक बुडबुडे एकसारखे वर येत होते. बाटलीच्या तोंडावर तपासणीची काचेची नळी बसवली, आत निळं रसायन, वर रबरी फुगा. फुगा बाईंच्या हातात दिला आणि दाबत राहा म्हटलं. निळा रंग हळूहळू हिरवट झाला, मग पिवळा. जळका वायू असल्याशिवाय हा रंग बदलत नाही. त्यांनी एकच विचारलं, “म्हणजे आधी बदललेलं सगळं चांगलंच होतं?” हो, चांगलंच होतं.

२००० नंतरच्या, एका कॅमच्या हेडच्या २.५ लिटर इंजिनात गोष्ट वेगळी. तिथे गॅस्केट बहुधा बाहेरच्या बाजूला पाझरतं, हेडच्या खालच्या कडेला तेल किंवा कूलंट ओलावतं, आणि गाडी मुळीच तापत नाही. अशा गाडीचं काम लगेच काढू नका, दर पंधरवड्याला तेलाची आणि कूलंटची पातळी बघा, असं आम्ही कित्येकांना सांगितलं आणि हातचं काम जाऊ दिलं. त्यातलीच माणसं पुढे आपली भावंडं, शेजारी घेऊन आली. काम काढायचंच झालं तर बहुपदरी पोलादी गॅस्केट घालायचं आणि हेड फेसिंग केल्याशिवाय, म्हणजे मशीनवर सपाट केल्याशिवाय, बसवायचं नाही. ॲल्युमिनियमचं हेड एकदा तापलं की वाकतं. सरळपट्टी ठेवून खाली फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, सरकवला की ते कोणालाही दिसतं.

२०१३ मध्ये आमच्या वसाहतीच्या संघाची नोटीस आली, ड्राइव्हवेवर गाड्यांचं काम चालणार नाही. मग डेन्व्हरशेजारच्या ऑरोरात भाड्याने जागा घेतली. तीन गाड्या मावतात, इंजिन उचलायची घोडी आहे. शनिवारची शिकवणी तिथेच सुरू झाली.

शिकवणीत टायमिंग बेल्टला, म्हणजे क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) आणि कॅम एका तालात फिरवणाऱ्या पट्ट्याला, मी सगळ्यात जास्त वेळ देतो. अमेरिकेत कंपनीने त्याची मुदत १,०५,००० मैल दिली आहे, आणि या २.५ लिटर इंजिनांत बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. क्रँकच्या चक्रावर एक ठळक बाण असतो, तो बघून सगळे खूश होतात. पण बेल्टसाठी बाण धरायचाच नाही. चक्राच्या मागच्या कडेला एका दात्यामागे बारीक रेघ असते, ती वरच्या खुणेला लावायची. त्या स्थितीत चारही पिस्टन मध्यावर असतात, म्हणजे बेल्ट चढवताना कॅम निसटून फिरला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळत नाहीत. ही रेघ काळ्या मळाखाली लपलेली असते. प्रत्येकाने ती स्वतः ब्रशने घासून काढावी आणि पांढऱ्या रंगाने रंगवावी, मी करून देत नाही. जिची नजर त्या रेघेवर बसली ती मुलगी पुढे एकटी आपल्या गॅरेजमध्ये बेल्ट बदलते, आणि रात्री फोटो पाठवते तेव्हा मला फार समाधान वाटतं.

कधी पानाही लागत नाही. फोर्ट कॉलिन्सला शिकायला आलेल्या नाशिकच्या एका मुलाने जुनी ऑटोमॅटिक इम्प्रेझा घेतली होती. त्याचा फोन आला.

“काका, पार्किंगमध्ये पूर्ण वळवली की गाडी अडखळते. कोणीतरी ब्रेक धरल्यासारखं वाटतं. गिअरबॉक्स गेला का हो?”

“टायर कधी बदललेस?”

“मागचा एक बदलला, पंक्चर झाला होता म्हणून.”

मी त्याला टेप घेऊन चारही टायरांचा घेर मोजायला लावला. नवा टायर बाकीच्या झिजलेल्यांपेक्षा जवळजवळ इंचभर जास्त भरला. सुबारूला पाव इंचापलीकडचा फरक चालत नाही, कारण पुढची आणि मागची चाकं सतत वेगळ्या वेगाने फिरू बघतात आणि त्यांना जोडणारा मधला क्लच त्यात भरडला जातो. खात्रीसाठी बॉनेटखालच्या, एफडब्ल्यूडी (फक्त पुढच्या चाकांना ताकद) लिहिलेल्या रिकाम्या खाचेत १५ अँपिअरचा फ्यूज घालायला सांगितला. त्याने मागच्या चाकांची ताकद तोडली जाते. अडखळणं थांबलं, म्हणजे क्लच सुटतोय, गिअरबॉक्स शाबूत आहे. त्याने एकसारखे झिजलेले चार जुने टायर शोधून बसवले आणि फ्यूज काढून टाकला.

२०२१ मध्ये चिपच्या टंचाईने नव्या गाड्या मिळेनात, जुन्यांचे भाव चढले, आणि मोडीत काढायच्या गाड्या लोकांनी दुरुस्तीला काढल्या. त्या वर्षी आम्ही एक मदतनीस घेतला आणि ठरवलं की आमचं काम ईजे मालिकेच्या, म्हणजे वर सांगितलेल्या टायमिंग बेल्टवाल्या, इंजिनापाशी थांबेल. फॉरेस्टरमध्ये २०११ पासून आणि आउटबॅकमध्ये २०१३ पासून बेल्टऐवजी साखळी असलेली एफबी मालिकेची इंजिनं आली, ती चांगलीच आहेत, पण आमचा हात ज्यावर बसलाय ते आम्हाला नीट करायचंय. सध्या बायको वायरिंगचे कनेक्टर, नॉक सेन्सरचे (इंजिनातली ठकठक टिपणाऱ्या भागाचे) प्लग, डॅशबोर्डखालच्या काळ्या आणि हिरव्या जोडण्या असा माल मोडीच्या यार्डांतून सोडवून आणते, कारण नवे मिळणं बंद होत चाललंय. १९९५ आधीच्या लेगसीचा फॉल्ट कोड, म्हणजे बिघाडाचा क्रमांक, त्या काळ्या जोडण्या एकमेकींत अडकवून वाचता येतो. डॅशबोर्डवरच्या ‘चेक इंजिन’ दिव्याची लांब उघडझाप दहाची, आखूड एकाची.

फोन करण्याआधी एवढं बघून ठेवा : गाडीचं साल, इंजिन किती लिटरचं, टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदलला, आणि गाडी रात्रभर थंड झाल्यावर ओव्हरफ्लोच्या बाटलीत कूलंट कुठवर आहे. बाटली फोनवर दाखवलीत तर उत्तमच. शनिवारच्या शिकवणीला बूट बंद आणि बाह्या आखूड असाव्यात, हातमोजे आमच्याकडे आहेत.