लोंगेवालाच्या वाळूतला सरडा, बघायला जाणार असाल तर

जैसलमेरला गेलं की सगळे सम गावच्या वाळूच्या टेकड्यांवर उंटावर बसून येतात, आम्ही यावेळी ते सोडून रामगढमार्गे थेट लोंगेवाला गाठलं, ते पण एका सरड्यासाठी. नाव लाउंगवाला टोड-हेडेड अगामा. १९७१ च्या लढाईमुळे लोंगेवाला सगळ्यांना माहितीये, पण या सरड्यालाही त्याच जागेचं नाव दिलंय हे वॉर मेमोरियल बघायला येणाऱ्यांना कोणी सांगतच नाही, सांगायला हवं खरंतर.

हा राहतो फक्त थरच्या वाळवंटात, आणि तिथेही सगळीकडे नाही. याला उघडी, भुसभुशीत, सरकती वाळू लागते. जिथे झुडपं माजलीयेत किंवा झाडं लावून टेकड्या थोपवल्यात तिथे शोधण्यात वेळ घालवू नका. वाळवंट हिरवं केलं म्हणून आपण खूश होतो पण याचं घर जातं त्यात, हे मला तिथे उभं राहून फार लागलं.

दिसायला बेडकासारखं बोथट डोकं, कानाचं भोक बाहेरून दिसतच नाही, आणि रंग इतका वाळूचा की नजर त्याच्यावरून दोनदा फिरली तरी कळत नाही. तो हलला तरच दिसतो. जास्त जवळ गेलात तर बिळाकडे वगैरे पळत नाही, जागच्या जागी अंग डावी-उजवीकडे थरथरवतो आणि सरळ खाली वाळूत बुडतो, काही सेकंदात वर काहीच नाही! हे बघायला मी परत कितीही लांब जाईन.

मार्च-एप्रिल किंवा पावसाळ्यानंतर जा, थंडीत हे वाळूखालीच असतात. सकाळी वाळू तापायला लागली की बाहेर येतात, दुपारच्या उन्हात त्यांनाही सोसत नाही आणि आपल्याला तर नाहीच. बायनॉक्युलर घ्या, लांबूनच उतार नीट न्याहाळा, मग सावकाश पुढे. पायात बंद बूट हवेतच, या भागात फुरसं असतं आणि तेही वाळूतच दबा धरून बसतं. पेट्रोल, पाणी रामगढला भरून घ्या, पुढे नेटवर्कचा भरवसा नाही. सीमाभाग आहे, ओळखपत्र जवळ ठेवा, बोर्ड लावलाय त्याच्या पलीकडे जाऊ नका. आणि जीप रस्त्यावरच थांबवा, ड्रायव्हर टेकडीवर घालतो म्हणाला तरी नाही म्हणा, कारण वाळूत बुडालेला सरडा चाकाखालून पळत नाही.