आमची वाटचाल : दोन वह्यांचा हिशेब

कोल्हापुरातील शाहूपुरीत, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, आमची जाहिरात संस्था सुरू झाली तेव्हा तिच्याकडे एक ड्रॉइंग टेबल, एक टेलिफोन आणि दोन वह्या होत्या. पहिल्या वहीत जाहिरातींचा जमाखर्च लिहिला जाई; दुसरीत माझ्या रंगांचा, कॅनव्हासचा आणि पुढे इतर चित्रकारांकडून घेतलेल्या चित्रांचा. पहिल्या वहीतून दुसरीत पैसे जातील, परंतु धंदा अडचणीत आला म्हणून चित्रे विकून पहिली वही सावरायची नाही, असा नियम मी आणि माझ्या भागीदाराने तेव्हाच केला. पहिल्या वहीसारखी वही प्रत्येक जिल्ह्याच्या गावातील प्रत्येक लहान एजन्सीकडे असते, म्हणून या लेखात दुसरीविषयी अधिक लिहीत आहे.

पहिलीचे थोडक्यात सांगतो. सराफ पेढ्या, सहकारी बँका, गळीत हंगामाच्या शुभारंभाची जाहिरात देणारे साखर कारखाने आणि उद्यमनगरातील फाउंड्रीवाले हे आमचे ग्राहक. अक्षरजुळणीचे ब्रोमाइड, म्हणजे फोटोच्या कागदावर उतरवलेला मजकूर, कापून, रबर सोल्युशनने चिकटवून, वर बटर पेपर लावून आर्टवर्क वृत्तपत्राच्या कार्यालयात नेऊन द्यायचे, असे ते दिवस होते. वृत्तपत्राकडून मिळणारे १५ टक्के कमिशन हे मुख्य उत्पन्न. त्यातलाही काही वाटा ग्राहक परत मागतो, हे या धंद्यातील उघड गुपित आहे. संगणक आला, मराठी अक्षरांसाठी श्रीलिपी आणि चित्रमांडणीसाठी कोरल ड्रॉ ही सॉफ्टवेअर आली, आणि ड्रॉइंग टेबल कोपऱ्यात गेले. या सर्व काळात कार्यालय उघडण्यापूर्वीची सकाळ मी पंचगंगेच्या घाटावर किंवा रंकाळ्याच्या काठी जलरंग घेऊन बसण्यासाठी राखून ठेवली.

कला महाविद्यालयात आमच्या वेळी पेंटिंगची मुले आणि कमर्शियलची, म्हणजे जाहिरातकलेची, मुले अशी सरळ फाळणी असे, आणि आम्ही कमर्शियलवाले पोटापाण्याकडे वळलेले म्हणून थोडे कमी प्रतीचे मानले जात असू. कोल्हापुरात तरी ही फाळणी टिकण्यासारखी नाही. बाबूराव पेंटर यांनी आनंदराव पेंटर यांच्या बरोबरीने नाटकांचे पडदे रंगवले, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि तिच्या चित्रपटांची पोस्टरही स्वतः रंगवली. पोस्टर म्हणजे जाहिरातच, आणि ती रंगवताना त्यांचा हात व्यक्तिचित्र रंगवतानाच्या हातापेक्षा सैल पडला असेल, असे मला वाटत नाही. जी. कांबळे यांनी आयुष्याचा मोठा काळ सिनेमाच्या पोस्टर-बॅनरांवर काम केले, आणि शिवछत्रपतींचे राज्य शासनाने अधिकृत म्हणून स्वीकारलेले चित्र त्यांच्याच कुंचल्यातून उतरले. याच शहरात जन्मलेले अरुण कोलटकर मुंबईत जाहिरातक्षेत्रात आर्ट डायरेक्टर होते. कवी म्हणून त्यांना ओळखणाऱ्या कित्येकांना हे ठाऊक नसते.

मुंबईचे उदाहरण मला आणखी एका कारणाने महत्त्वाचे वाटते. नाझींच्या छायेतून निसटून व्हिएन्नाहून १९३८ च्या सुमारास आलेले वॉल्टर लँगहॅमर हे टाइम्स ऑफ इंडियाचे आर्ट डायरेक्टर होते. स्वतः चित्रकार होते, आणि त्यांच्या घरी तरुण चित्रकारांची ये-जा असे. १९४७ मध्ये सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांचा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला, त्यामागे ज्यांचे पाठबळ होते त्यांत लँगहॅमर यांचे नाव घ्यावेच लागते. संस्थानिकाची थैली त्यांच्यापाशी नव्हती. नोकरी करणाऱ्या, रंगांची जाण असलेल्या आणि चार लोकांना ओळखणाऱ्या माणसालाही कलेचा आश्रयदाता होता येते, हे मला त्यांच्यामुळे उमगले. शाहू महाराजांनी चित्रकार आबालाल रहिमान यांना आश्रय दिला, तो काळ आणि ते सामर्थ्य वेगळे होते. आमच्यासारख्यांनी वेतन आणि ओळखी यांवरच काम भागवायला हवे.

आमच्याकडे हे काम दिनदर्शिकेपासून सुरू झाले. दिवाळीच्या आधी सराफ आणि बँका भिंतीवरची दिनदर्शिका छापून घेतात, आणि तिच्यासाठी देवदेवतांची किंवा परदेशी निसर्गाची तयार चित्रे वापरण्याची पद्धत होती. त्याऐवजी कलानिकेतन किंवा दळवीज् या कोल्हापुरातील कलाशिक्षण संस्थांमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या एखाद्या चित्रकाराकडून नवे चित्र करून घ्यावे, असे आम्ही सुचवू लागलो. ग्राहकाला पटवणे तुलनेने सोपे गेले, कारण जोतिबाचा डोंगर आपल्याच गावच्या मुलाने रंगवलेला असेल तर गिऱ्हाईक ती दिनदर्शिका वर्ष संपल्यावरही काढत नाही. खरा प्रश्न हक्कांचा होता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम १७ असे सांगते की मोबदला देऊन कोणी चित्र काढून घेतले आणि वेगळा करार झाला नाही, तर त्या चित्राच्या कॉपीराइटचा पहिला मालक ते काढून घेणारा ठरतो. बहुतेक तरुण चित्रकारांना याची कल्पना नसते, आणि बहुतेक एजन्सींना ती असली तरी त्या सांगत नाहीत. म्हणून आम्ही साध्या मराठीत एका पानाचा करार तयार केला : ग्राहकाला एका वर्षाच्या दिनदर्शिकेपुरता छपाईचा हक्क, मूळ चित्र आणि कॉपीराइट चित्रकाराकडे, सही स्पष्ट दिसेल अशी, आणि निम्मे मानधन काम सुरू होण्यापूर्वी. एका पेढीच्या मालकांनी सहीच्या जागी आपले बोधचिन्ह टाकण्याचा हट्ट धरला. आम्ही ते काम सोडले, आणि त्या वर्षी पहिल्या वहीत त्याचा खड्डा दिसला.

अट पाळणारे ग्राहक पुढे स्वतःहून मूळ चित्रेही विकत घेऊ लागले. तेथे आम्ही दलाली घेत नाही. किंमत विचारताना मात्र कोल्हापूरचे व्यापारी अजूनही 'चौरस इंचाला काय भाव?' असेच विचारतात. वृत्तपत्रातील जागा चौरस सेंटीमीटरवर विकणाऱ्या आमच्यासारख्यांना त्याचे हसू येते, पण राग येत नाही.

माझी स्वतःची चित्रे आमच्या ग्राहकाला विकायची नाहीत, हा दुसरा नियम. ज्याचे वर्षभराचे काम आपल्याकडे आहे, तो मालकाचे चित्र घेतो तेव्हा तो चित्र घेत नसतो, पुढच्या बिलातील सवलत आधीच मागून ठेवत असतो. या नियमामुळे शाहू स्मारक भवनातील माझ्या प्रदर्शनांत विक्री बेताची झाली. जे विकले गेले ते मात्र पाहूनच विकले गेले, याचे मला समाधान आहे. टाउन हॉलच्या बागेत रंगबहार या कलासंस्थेच्या 'मैफल रंगसुरांची'मध्ये गाणे चालू असताना चित्रकार सर्वांसमोर चित्र काढतात, तेथे आमच्या कार्यालयातील मुलांना घेऊन जाणे हेही मी संस्थेचे काम समजतो. लेआउटमध्ये मोकळी जागा का सोडायची, हे तेथे त्यांना माझ्या व्याख्यानाविना कळते.

फ्लेक्स आला तो काळ मला सर्वांत कठीण गेला. हाताने फलक रंगवणारे आमचे कारागीर, ज्यांच्या एका फटक्यात देवनागरीची रेषा वळत असे, थोड्याच वर्षांत बेकार झाले, आणि फ्लेक्सची ऑर्डर देणारे आम्हीच होतो. त्यांच्याकडून दुकानांच्या भिंती आणि गणेशोत्सवाचे देखावे रंगवून घेण्याचा प्रयत्न काही हंगाम चालला, टिकला नाही. त्यांच्या हातची काही अक्षरे आणि फलकांची रेखाटने आम्ही पैसे देऊन घेतली, तो संग्रह कार्यालयात आहे. त्याने त्यांचा रोजगार भरून आला, असे मी म्हणणार नाही.

मोठ्या कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या खर्चात कला आणि संस्कृतीलाही जागा आहे, पण २०१३ च्या कंपनी कायद्याची ती सक्ती आमच्या आकाराच्या संस्थेला लागू होत नाही. त्यामुळे दुसऱ्या वहीतील प्रत्येक रक्कम आम्हाला आपणहून लिहावी लागते. २०२० मध्ये टाळेबंदीत जाहिराती थांबल्या तेव्हा त्या वहीत फारसे काही लिहिले गेले नाही. तरीही नियम मोडून चित्रे विकली नाहीत, बँकेकडून कर्ज घेतले.

आता रोजचा कारभार माझी पुतणी पाहते. तिच्या ग्राहकांना रील हवे असतात, छापील दिनदर्शिकेची मागणी घटली आहे, आणि काही जण यंत्राने बनवलेले तैलचित्रासारखे काहीतरी मोबाइलवर दाखवून 'असेच करून द्या' म्हणतात. तिने जुन्या करारात पडद्यावरील वापरासाठी वेगळ्या मानधनाचे कलम घातले आहे, आणि मुदत वर्षाऐवजी सहा महिन्यांची केली आहे. मला ती मुदत कमी वाटते. चित्रकारांना ती पसंत आहे, कारण मुदत संपल्यावर त्यांना पुन्हा मानधन मिळते.