पहिली सलामी

चैत्र सरत आला की आमच्या तालमीतली पत्र्याची मोठी पेटी उघडायची. खंडेनवमीला फक्त पूजेपुरती बाहेर आलेली हत्यारं आता खरी कामाला लागायची. विटेची भुकटी, जुनं फडकं, खोबरेल तेल, आणि आम्ही पोरंपोरी ओळीनं बसून दांडपट्ट्यांची पाती घासतोय, हा आमच्या मेळाव्याचा पहिला दिवस. मांडव, स्पीकर, पत्रिका हे सगळं त्यानंतरचं.

कोल्हापुरात पेठांमधली शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी. १९ फेब्रुवारीला शाळेत भाषणं व्हायची, पेढा मिळायचा, पण रक्त उसळायचं ते वैशाखातच. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी आमच्या मर्दानी खेळाच्या तालमीचा वार्षिक मेळावा असायचा. पेठेतला चौक अडवून मधे लाल माती पसरायची, चारी बाजूंना माणसं, आणि आजूबाजूच्या गॅलऱ्यांमधून बायका.

वस्ताद शिरोलीच्या एका फाउंड्रीत मोल्डिंगला होते. रात्रपाळी संपवून घरी न जाता थेट तालमीत यायचे, भुवयांत काळी वाळू तशीच. कधी कंटाळलेले दिसले नाहीत असं मी म्हणणार नाही. दिसायचे, पण सराव चुकला नाही. पट्टा हातात यायला आमच्याकडे वर्ष-दीड वर्ष जायचं. आधी पावलं, मग लाठी, मग फरी-गदका, म्हणजे ढाल आणि काठी. नवीन पोरं वैतागायची, निम्मी पळून जायची. वस्ताद म्हणायचे, "हात बघू नगंस. पाय बघ. हात येतोय की मागनं."

हे नुसतं बोलणं नव्हतं, ते त्या हत्याराचंच गणित आहे. पट्ट्याचं पातं लांब, सरळ आणि लवचिक. मूठ पोलादी खोबळ्याच्या आत, कोपराजवळपर्यंतचा हात त्यात बंद. त्यामुळे तलवारीसारखं मनगट वळवून वार करताच येत नाही. जे काही करायचं ते खांद्यानं आणि कमरेनं, आणि त्याच्याही आधी पायांनी. पाऊल चुकलं की पातं आपल्याच पोटरीला. २०२४ च्या फेब्रुवारीतल्या शिवजयंतीला सरकारनं दांडपट्टा महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून जाहीर केला. आनंद झालाच. पण तेव्हाही तालमीचं छप्पर गळत होतं आणि शिकायला येणारी पोरं बोटांवर मोजण्याइतकी होती, हेही सांगून टाकते.

मेळाव्याची सुरुवात पाहुण्यांच्या भाषणांनी व्हायची. नगरसेवकांचं भाषण लांबायला लागलं की कडेला बसलेले हलगीवाले कागद पेटवून हलगी शेकायला घ्यायचे, आणि ताणली का बघायला मधूनच टिपरू हाणायचे. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा जरा जोरात. पाहुणे समजून घ्यायचे. मग वस्ताद चार वाक्यं बोलायचे, दरवर्षी जवळजवळ तीच. लहुजी वस्ताद साळव्यांनी पुण्यात गंज पेठेत तालीम चालवली, तिथे जोतिबा फुले दांडपट्टा शिकले. शाहू महाराजांनी कोल्हापुरात तालमींना हात दिला, १९१२ साली खासबागेचं मैदान बांधलं. "म्हणून आपण हितं हाय," एवढं म्हणून ते माईक खाली ठेवायचे.

त्यानंतर हलगी, घुमकं आणि कैताळ एकदम सुटायचं. लेझीम, लाठीची गर्दी, फरी-गदक्याच्या जोड्या. विटा, म्हणजे दोरी बांधलेला भाला, सणकन पुढे जाऊन परत हातात यायचा, तेव्हा पुढच्या रांगेतली पोरं अर्धा हात मागे सरकायची. शेवटी जमिनीवर मांडलेली लिंबं पट्ट्यानं दुभंगायची. सगळं झालं की भडंग आणि कढत दूध. ते दूध पिताना घामानं चिकटलेल्या अंगाला माती लागलेली असायची आणि कुणालाही घरी जायची घाई नसायची.

पण भाषणं संपली की या सगळ्या खेळांच्या आधी एक जण एकटा मैदानात उतरायचा. त्याला आम्ही पहिली सलामी म्हणायचो. वस्ताद पेटीतला सगळ्यात जुना पट्टा काढायचे, आमच्या रांगेसमोरून चालायचे आणि एकाच्या हातात द्यायचे. नाव आधी कधीच सांगायचे नाहीत. मला लहानपणी वाटायचं, वर्षभरात जो सगळ्यात तयार झाला त्याचा हा मान. माझी फार इच्छा होती. मी रांगेत छाती काढून उभी राहायची आणि पट्टा माझ्यासमोरून पुढे जायचा.

शाहू मिल बंद पडली त्या सुमाराला तो मिलमधल्या एका कामगाराच्या पोराला मिळाला. तो पोरगा बरा होता, पण तेवढंच. दुसऱ्या एका वर्षी तो एका बाईंच्या हातात गेला. त्या आपल्या मुलीला सोडायला यायच्या, मग स्वतःच शिकायला लागल्या. शाहूपुरीत कुंभार गल्लीत त्यांचं घर. चाळिशीत पदर खोचून पावलं घालणाऱ्या या काकींवर सुरुवातीला आम्ही हसलो होतो. पण माती मळून त्यांच्या दंडांत असा जोर आला होता की लाठीला लाठी भिडली की समोरच्याच्या हाताला झिणझिण्या. त्यांना सलामी मिळाली त्याच्या आदल्या पावसाळ्यात त्यांचा नवरा अंथरुणाला खिळला होता. हे सगळ्यांना माहीत होतं. फक्त या दोन गोष्टी एकमेकींना जोडून मी पाहिल्या नव्हत्या.

मग माझे वडील गेले. दहावीचं वर्ष. मी पंधरा दिवस तालमीत फिरकले नाही. एके सकाळी वस्ताद दारात. आत आले, आईजवळ बसले, चहा घेतला आणि जाताना मला म्हणाले, "उद्या ये." बाकी एक शब्द नाही. मी गेले. पावलं घालताना निदान घोटा, गुडघा, खांदा यांच्याकडेच लक्ष द्यावं लागतं, तेवढा वेळ तरी डोकं दुसरीकडे जाऊ शकत नाही. वैशाखात पट्टा माझ्यासमोर थांबला. माझ्यापेक्षा चांगला पट्टा फिरवणारी पाच-सहा जणं त्या रांगेत होती आणि त्यांच्यापैकी कुणाच्याही चेहऱ्यावर नवल नव्हतं. मोठ्यांना ही पद्धत केव्हापासूनची ठाऊक होती! ज्याचं वर्ष सगळ्यात वाईट गेलं, त्यानं सगळ्यांच्या आधी उतरायचं. वस्ताद एवढंच म्हणाले, "जमंल न्हवं?" मी म्हणाले, "करतो की वस्ताद."

रायगडाचं तर वेगळंच प्रकरण. ६ जूनच्या राज्याभिषेक दिनाला आमचा चमू गडावर जायचा. पाचाडला उतरायचं, हत्यारं पोत्यात गुंडाळून खांद्यावर घ्यायची आणि रात्रीच चढायला लागायचं. रोपवे आहे, पण पट्टा घेऊन रोपवेनं जायचं ही कल्पनाच वस्तादांना सहन होत नव्हती. जूनचा पहिला पाऊस कधी गाठेल सांगता यायचं नाही. एका वर्षी होळीच्या माळावर असं धुकं उतरलं की समोरचा जोडीदार दिसेना, नुसता पातं फिरल्याचा आवाज. पायाखाली चिखल, खोबळ्यातून पाणी गळतंय. काकी मात्र खूश. म्हणाल्या, "माझ्या घरागत वाटाय लागलंय. चिखलच चिखल!"

त्याच काकींच्या घरात ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा शिरली. नदीची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. गणपती २ सप्टेंबरला होते. गल्लीत घरोघरी मूर्ती रंगवून तयार. शाडूच्या मूर्तींचा चिखल झाला, वर्षाची कमाई त्या चिखलात. पाणी ओसरल्यावर आम्ही तालमीतले सगळे फावडी घेऊन गेलो. काकींनी आम्हाला दारातच अडवलं आणि आधी पोहे खायला लावले, शेजारच्या गल्लीतून मागून आणलेले. मी मनात म्हटलं, पुढच्या वर्षीची सलामी यांचीच.

पुढचं वर्ष आलंच नाही. २०२० ला वैशाखात सगळं बंद, २०२१ ला पुन्हा तेच. वस्ताद व्हिडिओ कॉलवर सराव घ्यायचे. "मोबाईल खाली ठेवा. तोंडं नगंत मला, पाय दावा." कुणाचं फरशीवर, कुणाचं पत्र्यावर, कुणाचं दोन पलंगांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत पवित्रा चाललेला. त्या दोन वर्षांत आमच्यातल्या कुणाची नोकरी गेली, कुणाचं दुकान. दुसऱ्या लाटेत वस्तादांच्या मंडळी, आमच्या मावशी, गेल्या. मेळाव्याचं दूध दरवर्षी त्याच तापवायच्या. तिसऱ्या दिवशी वस्तादांचा कॉल आला, ठरलेल्या वेळेला. "पाय दावा."

मे २०२२ मध्ये मेळावा पुन्हा भरला. पेटी उघडली, पट्ट्यांवर दोन बोटं गंज. घासून घासून हात लाल झाले. संध्याकाळी गर्दी अशी की गॅलऱ्यांना टेकू लावावा. भाषणं झाली, हलगी शेकून झाली. वस्तादांनी जुना पट्टा काढला आणि रांगेसमोर आले. पहिल्यांदाच ते चालेनात. एकदा या टोकाला बघितलं, एकदा त्या. कुणाला देणार? प्रत्येकाच्या खात्यावर काही ना काही होतंच.

काकी रांगेतून पुढे आल्या आणि त्यांच्या हातातून पट्टा काढून घेतला. आम्हाला वाटलं, झालं, योग्यच. पण त्यांनी पदरानं पातं पुसलं आणि खोबळ्याचं तोंड वस्तादांकडे केलं.

"औंदा तुमची."

"खुळी का काय? सत्तरीला टेकलो मी."

"पाय हलत्यात न्हवं?"

गर्दीतून कुणीतरी शिट्टी मारली. वस्तादांनी टोपी काढून माझ्याकडे दिली आणि खोबळ्यात हात घातला. माझ्या आठवणीत त्यांनी स्वतः सलामी कधी केली नव्हती, शिकवतानाही पुरा खेळ करून दाखवला नव्हता. पावलं लहान पडत होती, पण जागच्या जागी पडत होती. चार लिंबं मांडली होती. तीन कापली गेली, चौथं गडगडत पाहुण्यांच्या सोफ्याखाली गेलं आणि नगरसेवक वाकून ते शोधायला लागले. हलगीवाला जुना माणूस, मावशींना ओळखणारा. त्यानं वस्तादांच्या मानानं लय हळू धरली होती.

वस्ताद फिरता फिरता थांबले आणि त्याच्यावर ओरडले, "अय, मयताला आलायस व्हय रं? वाढीव की!"